दूरचित्रवाणीवरील न्यायालय आणि प्रेक्षकाचा निकाल

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी सामान्य प्रेक्षकाने व्यक्त केलेल्या मताची दखल घेण्याचा प्रघात मराठी समीक्षेत फारसा नाही. अशा मतात रसिकतेपेक्षा आवडनिवडच अधिक असते, असा त्यामागील समज आहे. न्यायालयीन कथेच्या बाबतीत मात्र हा समज बाजूला ठेवावा लागतो. तेथे प्रेक्षक केवळ कलाकृतीसंबंधी मत देत नाही. तो आरोपीसंबंधीही निकाल देत असतो, आणि ही निकाल देण्याची सवय पडद्यापुरती मर्यादित राहतेच असे नाही.

सोनी वाहिनीवर नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू झालेली ‘अदालत’ ही हिंदी मालिका या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. रोनित रॉय यांनी रंगविलेला के. डी. पाठक हा बचावपक्षाचा वकील तिचा नायक. जळगाव व धुळे हे दोन्ही जिल्हे मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असल्यामुळे खानदेशी प्रेक्षकाला हिंदी परकी नाही. आणि या धर्तीच्या मालिकांविषयी तेथील बोलण्यात दोन मते सामान्यतः आढळतात. पहिले मत समाधानाचे: वकील हुशार आहे, निरपराध सुटतो, खरा गुन्हेगार उघडा पडतो. दुसरे मत आक्षेपाचे: खऱ्या कोर्टात असे कधीच होत नाही.

प्रथम आक्षेपाचा विचार करू गेल्यास तो वस्तुस्थितीला धरून आहे, हे मान्य करावे लागते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्या समाजात रूढ आहे, त्याला न्यायालयाच्या दिरंगाईची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराची फिर्याद २००६ साली नोंदविली गेली. धुळे येथील विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरविले. फिर्याद आणि निकाल यांत तेरा वर्षांचे अंतर पडले. भाषेच्या बाबतीतही तीच गोष्ट. प्रत्यक्ष न्यायालयात अहिराणी बोलणाऱ्या साक्षीदाराचे उत्तर प्रमाण मराठीच्या साच्यात उतरून मगच नोंदले जाते; मालिकेत मात्र साक्षीदाराचे वाक्य सरळ न्यायाधीशाच्या कानी आणि तेथून प्रेक्षकाच्या हृदयी जाते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात न्यायाधीश साक्षीचा सारांश टंकलेखकाला सांगताना दिसतात. न्यायालयाचा हा कंटाळवाणा व्यवहार मालिकेने सर्वस्वी वगळलेला असतो.

परंतु हा आक्षेप मालिकेच्या मर्मापर्यंत पोहोचत नाही. कालाचा संक्षेप हा नाट्याचा जुनाच अधिकार आहे. तेरा वर्षांच्या तारखा जशाच्या तशा दाखविणारी कथा कोणी पाहणार नाही, आणि तशी अपेक्षा आक्षेप घेणाऱ्याचीही नसते. शिवाय समाधान मानणारा प्रेक्षक भाबडा आहे, असेही म्हणता येत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात वर्षानुवर्षे हेलपाटे घालणारी माणसे त्याने पाहिलेली असतात; पडद्यावरचा झटपट निकाल त्याला आवडतो तो प्रत्यक्षाचे अज्ञान असल्यामुळे नव्हे, तर त्याची पुरेपूर जाण असल्यामुळे. त्याचे समाधान ही एका अर्थी न्यायव्यवस्थेविरुद्ध केलेली तक्रारच होय.

मालिकेतील खरे वैगुण्य वेगाचे नसून रचनेचे आहे. या रचनेचे पूर्वरूप अमेरिकेत १९५७ ते १९६६ या काळात प्रक्षेपित झालेल्या ‘पेरी मेसन’ या मालिकेत सापडते. तेथे बचावाचा वकील आपल्या अशिलाचे निरपराधित्व सिद्ध करतो ते खऱ्या गुन्हेगाराला हुडकून, आणि पुष्कळदा भर न्यायालयात त्याच्याकडून कबुली घेऊन. ‘अदालत’ने हाच साचा स्वीकारला. आता फौजदारी कायद्याचे मूलतत्त्व असे की, आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावर असते. बचावाच्या वकिलाने सरकारी पुराव्याविषयी वाजवी संशय निर्माण केला की त्याचे काम झाले; खून कोणी केला हे सांगण्यास तो बांधलेला नाही. मालिकेत नेमके याच्या उलट घडते. पाठक यांना दुसरा गुन्हेगार उभा करूनच आपला अशील सोडवावा लागतो. कायद्याने फिर्यादीवर टाकलेला भार कथेने अशा रीतीने बचावावर टाकला, आणि संशयाचा फायदा ही कल्पना प्रेक्षकाच्या अनुभवातून नाहीशी झाली. ‘खऱ्या कोर्टात असे होत नाही’ असे म्हणणाऱ्याच्या नजरेतून निसटते ते हेच.

या स्थलांतरित भाराचा परिणाम काय होतो, हे पाहण्यासाठी जळगावशीच निगडित असलेल्या एका प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळता येईल. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांच्या वकिलीचा आरंभ जळगावच्या न्यायालयात झाला. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याच्या खटल्यात त्यांनी सरकारची बाजू मांडली, आणि मे २०१० मध्ये अजमल कसाब याला फाशीची शिक्षा झाली. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची वार्ता खटल्याच्या काळात सर्वतोमुखी झाली होती. ती आपण रचलेली होती, असे निकम यांनीच २०१५ साली जयपूर येथे सांगितले. आरोपीविषयी निर्माण होऊ लागलेली सहानुभूतीची लाट थोपविणे, हा त्यामागील हेतूही त्यांनी नमूद केला. येथे प्रश्न त्या खटल्याच्या निकालाचा नाही. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कायम केला. लक्षात घेण्यासारखे आहे ते हे की, न्यायालयातील पुरावा भक्कम असतानाही न्यायालयाबाहेर एका कथेची गरज भासली, आणि लोकांनी ती कथा पुराव्याइतक्याच तत्परतेने स्वीकारली.

त्याच खटल्यात आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मात्र लोकांच्या स्मरणात फारशी उरलेली नाही. कसाबबरोबर आरोपी असलेल्या दोन भारतीयांची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली, आणि तीही सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. त्यांपैकी एकाचे वकील शाहिद आझमी यांची निकालापूर्वीच, फेब्रुवारी २०१० मध्ये, मुंबईतील त्यांच्या कार्यालयात हत्या झाली होती. हंसल मेहता यांचा ‘शाहिद’ हा चित्रपट त्यांच्याच जीवनावर आधारलेला आहे. ज्या वर्षाच्या आरंभी बचावाच्या एका वकिलाचा जीव गेला, त्याच वर्षाच्या अखेरीस बचावाचा वकील हा दूरचित्रवाणीचा लोकप्रिय नायक झाला. त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला असा निर्णय द्यावा लागला की, एखाद्या आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असा ठराव वकील संघटनांना करता येणार नाही.

हा विरोध वरवर चमत्कारिक वाटला तरी त्याची उपपत्ती मालिकेच्या रचनेतच आहे. पाठक लोकप्रिय झाले ते बचावाचे वकील म्हणून नव्हे, तर निरपराधाचे वकील म्हणून. अशील निरपराध आहे, याविषयी प्रेक्षकाला आश्वस्त केल्यानंतरच त्याच्याकडे बचावाविषयी आदर मागितला जातो. म्हणूनच पडद्यावर बचावाच्या वकिलाला दाद देणारा प्रेक्षक बाहेर सरकारी वकिलाचा चाहता असू शकतो, आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही. दोन्ही ठिकाणी तो आधीच ठाऊक असलेल्या सत्याच्या बाजूला उभा असतो. सत्य ठाऊक नसताना माणसाने कसे वागावे, हा न्यायालयाचा खरा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही.

हा प्रश्न कलाकृतीतून मांडता येतो, याला मराठी रंगभूमीची साक्ष आहे. विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकातील खटला गंमत म्हणून सुरू होतो. प्रेक्षक त्या खेळाला हसतो. हळूहळू त्याच्या ध्यानी येते की, लीला बेणारेसंबंधी पुराव्यावाचून मत बनविणाऱ्यांत आपणही सामील झालो होतो. नाटक त्याला स्वतःच्या निकालाविषयी साशंक करते. मालिका त्याला त्या निकालाबद्दल शाबासकी देते.

यावरून न्यायालयीन मालिकेच्या मूल्यमापनाची एक कसोटी निष्पन्न होते. मालिकेतील कोर्ट खऱ्या कोर्टासारखे दिसते की नाही, हा प्रश्न दुय्यम होय. ती पाहून उठलेला प्रेक्षक, ज्याचे निरपराधित्व कोणीही त्याला दाखवून दिलेले नाही अशा माणसालाही वकील मिळावा, असे म्हणेल काय, हा मुख्य प्रश्न होय. ‘अदालत’चा प्रेक्षक तसे म्हणण्यास शिकत नाही. खानदेशातील प्रेक्षकाने दिरंगाईविरुद्ध नोंदविलेली तक्रार रास्तच आहे. परंतु दिरंगाईवरील उपाय म्हणून त्याला देऊ केलेल्या कथेत तारखांबरोबर संशयाचा फायदाही वगळला गेला आहे, आणि त्याची उणीव त्याला स्वतःवर आरोप येईपर्यंत जाणवण्याचा संभव नाही.