बिल्हणाची कैफियत

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबादेपासून फारसे दूर नसलेल्या जैनथ गावी लक्ष्मीनारायणाचे जुने देवालय आहे. परमार राजपुत्र जगद्देव याच्या काळचा एक संस्कृत शिलालेख याच गावचा. जगद्देवाच्या पदरच्या लोलार्काची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे देऊळ बांधले, हा त्या लेखाचा मूळ विषय. परंतु प्रशस्तिकाराचा ओढा देवळापेक्षा जगद्देवाच्या पराक्रमाकडे अधिक आहे. दोरसमुद्रापर्यंत त्याने मारलेली धडक तो मोठ्या आवेशाने सांगतो. होयसळांचे लेख उघडून पाहावेत तो तेथे जगद्देवाचाच मोड झालेला! एकाच निकालाने दोन्ही पक्षकार जिंकतात, हा चमत्कार आम्हां वकिलांस अगदीच अपरिचित नाही.

माळव्याचा राजपुत्र या बाजूस आला कसा, याचे उत्तर यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगावच्या शिलालेखात मिळते. हा लेख शके १०३४ चा, म्हणजे सन १११२ चा. त्यात म्हटले आहे की उदयादित्यास पुत्र असतानाही त्याने शंकराची आराधना केली आणि त्या प्रसादाने जगद्देव झाला. पित्यामागे राज्यलक्ष्मी याच्याकडे चालून आली. पण वडील भावाच्या आधी तिचा स्वीकार केल्यास परिवित्तीचा दोष लागेल, या भयाने त्याने ती भावास देऊन टाकली व कुंतलाधिपतीचा आश्रय केला. परिवित्ती हा धर्मशास्त्रात विवाहाचा विषय. तो सिंहासनास लावणाऱ्या पंडिताची बुद्धी आम्हांस कौतुकास्पद वाटते. आमच्या कचेरीत त्याचे चांगले चालले असते.

परंतु ही कथा आम्ही पूर्वी कोठेतरी वाचली आहे, असे वाटत राहिले, आणि आठवला तो बिल्हण. कारण हा कुंतलाधिपती म्हणजे कल्याणीचा चालुक्य सहावा विक्रमादित्य, आणि त्याचा विद्यापती म्हणजे ‘विक्रमांकदेवचरिता’चा कर्ता. तेथेही पिता शंकराची आराधना करतो आणि मधला पुत्र विक्रम हा देवाच्या विशेष कृपेने जन्मतो. तेथेही पिता यौवराज्य देऊ करतो व पुत्र वडील भावाचा हक्क पुढे करून ते नाकारतो. मग वडील भाऊ दुसरा सोमेश्वर १०६८ मध्ये गादीवर बसतो, बिघडतो, आणि १०७६ मध्ये धाकट्या भावाकडून पदच्युत होतो. त्यासाठी शंकरास स्वप्नात येऊन युद्धाची आज्ञा द्यावी लागते. सोमेश्वर कैद झाल्यावर विक्रम त्याला राज्य परत देऊ पाहतो, तेव्हा देव रागावून पुन्हा आज्ञा करतो.

आमचे म्हणणे असे की, हे महाकाव्य त्याच्या मर्मस्थानी महाकाव्य नसून कैफियत आहे. दस्तऐवज भक्कम असता तर पक्षकाराला देवाची साक्ष दोनदा काढावी लागली नसती. बिल्हणाला हे कळत नव्हते असे नाही; कळत होते म्हणूनच त्याची लेखणी तेथे अवघडली आहे. त्याचा सोमेश्वर पाहा. मद, लोभ, संशय हे दुष्ट राजाचे सर्व छापील दोष त्याच्या अंगी आहेत; पण त्याने अमुक दिवशी अमुक केले, असे ठोस काही नाही. याउलट चौथ्या सर्गात ज्वराने खंगलेला वृद्ध आहवमल्ल तुंगभद्रेच्या पात्रात देह ठेवतो, तो प्रसंग वाचावा. तेथे कोणाची बाजू मांडायची नाही, आणि कवी एकदम मोठा होतो. कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येचे स्वयंवर आम्हांस लांबले असे वाटते. शेवटच्या सर्गातील काश्मीरची आठवण मात्र नाही.

परक्या देशातून आलेल्या विद्वानाने हे काम करावे, यातही नवल नाही. इंग्लंडच्या सातव्या हेन्रीची बाजू पॉलिडोर व्हर्जिल या इटालियनाने लिहिली. हेन्रीचा हक्कही लंगडाच. १४८५ च्या बॉसवर्थच्या लढाईच्या आदल्या दिवसापासून त्याने आपली कारकीर्द मोजली, म्हणजे मुकुटधारी रिचर्डच्या बाजूने लढलेलेच राजद्रोही ठरले! विक्रमादित्याने तर शक बाजूस सारून स्वतःचा संवत् सुरू केला. दोघांनीही कालगणनेलाच साक्षीस उभे केले.

पण हिसकावलेल्या गादीचा दाखला इतरांनाही उपयोगी पडतो. हेन्रीपुढे १४८७ मध्ये लँबर्ट सिम्नेल उभा राहिला. त्याला शाही मुदपाकखान्यात कामास लावून भागले. नंतरच्या पर्किन वॉरबेकला १४९९ मध्ये फाशी द्यावे लागले. विक्रमादित्यावर बनवासीचा अधिकारी असलेला धाकटा भाऊ जयसिंहच उलटला. हा तोतया नव्हता. त्याने थोरल्या भावाचाच कित्ता गिरवला होता. बिल्हण येथे काय करतो? तेच दोष, तोच समेटाचा प्रयत्न, तीच नाइलाजाची लढाई, आणि शेवटी कैद्याशी गोड भाषण. या वेळी मात्र शंकर येत नाही. राजा आता स्वतःच वडील भाऊ होता. धर्मशास्त्र आपसूक त्याच्या बाजूस आले होते.

सोमेश्वराला मात्र कवी मिळाला नाही, आणि एकतर्फी हुकूमनाम्यालाच आपण इतिहास म्हणत आलो. म्हणून काव्य टाकून द्यावे, असे नव्हे. उलटतपासणी करीत वाचावे. जगद्देवाचा त्याग खरा असेलही. परंतु ज्या दरबारात त्यागाचा हा साचा तयार होता, तेथेच तो आश्रयास आला होता, हे विसरता येत नाही. विरुद्ध पक्षाचा कागद नागपुरास आहे. त्याचा भाऊ नरवर्मा याच्या ११०४ च्या सुमाराच्या त्या प्रशस्तीत पिता उदयादित्य आहे, बंधू लक्ष्मदेव आहे, त्याचे दिग्विजय आहेत. जगद्देवाचे नाव नाही.