पळणारा प्रकाश आणि थांबलेला चेहरा : रंगमंचीय प्रकाशयोजनेतील 'चेस'ची समीक्षा
(बारामती व इंदापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

रंगमंचावर एका ओळीत आठ दिवे टांगले आणि ते ठरावीक अंतराने एकामागून एक पेटत-विझत गेले, तर प्रेक्षकाला आठ दिवे दिसत नाहीत. एकच प्रकाश या टोकाकडून त्या टोकाकडे पळताना दिसतो. प्रकाशनियंत्रणाच्या परिभाषेत या परिणामाला 'चेस' म्हणजेच पाठलाग असे नाव आहे. गणेशोत्सवाच्या मांडवातील पळत्या माळांमुळे तो लहान मुलांनाही परिचित आहे. नाट्यगृहात मात्र तो दीर्घकाळ महागाचा होता. आज साधा लॅपटॉप, एक जोडणीपेटी, चार-सहा एलईडी पार दिवे आणि 'क्यूएलसी प्लस'सारखी विनामूल्य व मुक्त स्रोत संगणकप्रणाली एवढ्यावर तो साधतो. बारामती व इंदापूर तालुक्यांतील स्नेहसंमेलने, युवक महोत्सवाच्या तालमी आणि गावोगावच्या नृत्यस्पर्धा यांना ही सोय मोठीच आहे. परंतु जे सहज मिळते ते सहज खर्चही होते. गाणे कोणतेही असो, दिवे पळत राहतात. हा पळणारा प्रकाश कलाकृतीला काय देतो आणि तिच्याकडून काय हिरावून घेतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम या परिणामाची घडण पाहणे आवश्यक आहे. दिव्यांना आज्ञा देणारी 'डीएमएक्स 512' ही पद्धती 1986 मध्ये प्रमाणित झाली. एका वाहिनीवर 512 चॅनल आणि प्रत्येक चॅनलला 0 ते 255 यांपैकी एक मूल्य, एवढाच तिचा व्यवहार. संगणकप्रणालीत दिव्यांची प्रत्येक स्थिती 'सीन' म्हणून साठवली जाते. असे सीन क्रमाने ओवले की 'चेसर' तयार होतो. प्रत्येक पायरीला उजळण्याचा, थांबण्याचा आणि मावळण्याचा काळ देता येतो. क्रम अखंड फिरावा, एकदाच चालून थांबावा, टोकाला जाऊन उलटा परतावा की वाटेल तसा उडावा, हेही ठरवता येते. जाणत्या विद्यार्थ्याला यासाठी दहा मिनिटे पुरतात. म्हणूनच चेस तयार करणे ही कला नव्हे. कलेचा प्रश्न त्याच्या संपादनापासून सुरू होतो. आणि नेमके संपादनच बहुधा केले जात नाही. प्रणालीने सुचविलेले काळ तसेच ठेवून क्रम अखंड फिरत सोडला जातो.

या ठिकाणी मानसशास्त्रातील एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. माक्स वेर्थायमर याने 1912 मध्ये असे दाखविले की, दोन स्थिर प्रकाशांमधील अंतर सुमारे 30 मिलिसेकंद असेल तर ते एकाच वेळी पेटल्यासारखे वाटतात. सुमारे 60 मिलिसेकंदांवर एकच वस्तू सरकल्याचा स्पष्ट भास होतो. आणि 200 मिलिसेकंदांच्या आसपास ते एकामागून एक पेटलेले दोन वेगळे प्रकाश म्हणून दिसतात. प्रयोगशाळेतील हे आकडे रंगमंचावर काटेकोर लागू होणार नाहीत, पण त्यांचा रोख स्पष्ट आहे. आता हा हिशेब ढोलकीशी ताडून पाहावा. लावणीत आठ मात्रांची धुमाळी नेहमीची. मिनिटाला 120 मात्रा अशी मध्यम लय धरली तर एक मात्रा 500 मिलिसेकंदांची होते. आठ दिवे आणि आठ मात्रा यांची सांगड मोहक वाटते, परंतु मात्रेगणिक एक दिवा पेटविला तर प्रकाश पळत नाही. तो मात्रा मोजतो. तो पळावा म्हणून पायरी 60 मिलिसेकंदांवर आणली तर आठ दिव्यांचा फेरा अर्ध्या सेकंदाच्या आतच संपतो आणि मात्रेशी त्याचे नाते तुटते. पळणारा चेस लयीचा राहत नाही, आणि लयीचा चेस पळत नाही.

या पेचातून दोन वाटा निघतात व दोन्ही संपादनाच्या आहेत. पहिली वाट पायऱ्या एकमेकींत मिसळण्याची. एक दिवा पूर्ण मावळण्यापूर्वीच पुढचा उजळू लागला तर मात्रेच्या गतीलाही प्रकाशाची सलग लाट तयार होते. ती पळत नाही, वाहते. दुसरी वाट खास लावणीच्या स्वभावातून येते. द्रुत लयीत मात्रा 250 मिलिसेकंदांवर आली की तिची चौगुन सुमारे 62 मिलिसेकंदांची होते. म्हणजे खरी धाव आणि खरी लय यांची गाठ केवळ त्या शेवटच्या द्रुतातच पडू शकते. जो प्रकाशयोजनाकार पहिल्या ओळीपासूनच दिवे पळवतो, तो हा एकमेव क्षण आधीच उधळून बसतो.

यात आणखी एक अडचण दडलेली आहे. ढोलकी वाजविणारा माणूस असतो, घड्याळ नव्हे. त्याची लय अवघ्या एक टक्क्याने ढिली झाली, म्हणजे मात्रा 500 ऐवजी 505 मिलिसेकंदांची झाली, तर पन्नास मात्रांत, सुमारे पंचवीस सेकंदांत, चेस अर्धी मात्रा पुढे निघून गेलेला असतो. ध्वनिमुद्रित गाण्यावर ही चूक झाकली जाते. जिवंत साथीत ती उघडी पडते. यासाठी प्रणालीत 'टॅप'ची सोय असते: चालक बोटाने ठोके देतो व चेसची गती त्याप्रमाणे बदलते. परंतु चालकाचे आसन कोठे आहे, याचा विचार क्वचितच होतो. यात्रेच्या मैदानात मंचापासून 30 मीटरवर बसलेल्या चालकापर्यंत ढोलकीचा ठोका सुमारे 90 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. ऐकून दाबणारा चालक तेवढा मागेच राहणार. त्याला ठोक्याची चाहूल आधी घेता आली पाहिजे. याचाच अर्थ असा की तो साथीदार आहे आणि त्याची जागा तालमीत ढोलकीवाल्याच्या शेजारी आहे. तिहाईसाठी अखंड फिरणारा क्रम निरुपयोगीच. तेथे प्रत्येक पायरीचा काळ स्वतंत्रपणे लावून एकदाच चालणारा आणि समेवर नर्तकीच्या चेहऱ्याच्या दिव्यावर थांबणारा चेस हवा. 'आवाजावर चालणारे' स्वस्त दिवे यांतले काहीच करू शकत नाहीत. सूक्ष्मध्वनिग्राहकाला ठोका कळतो, पण सम कळत नाही.

दिव्याच्या जातीचाही येथे संबंध येतो. तंतूचा हजार वॅटचा दिवा तापायला व निवायला वेळ घेतो; त्यामुळे जुन्या चेसच्या कडा आपोआप मऊ होत. एलईडी तत्क्षणी पेटतो व तत्क्षणी विझतो. तेच आकडे नव्या दिव्यांवर चढविले की जी लाट होती ती चाबकासारखी फटके मारू लागते. पुष्कळदा 'एलईडीचा प्रकाश कोरडा असतो' अशी तक्रार ऐकू येते. तिच्यातील निदान निम्मा दोष दिव्याचा नसून न बदललेल्या आकड्यांचा असतो.

बारामती-इंदापूर परिसराला या प्रश्नाची एक निराळी पार्श्वभूमी आहे. एका बाजूस चौफुला आणि दुसऱ्या बाजूस मोडनिंब, अशा संगीतबारीच्या दोन ठिकाणांच्या मध्ये हा भाग येतो; ढोलकीफडाचे तंबूही येथील यात्रांना नवे नाहीत. मशाल व टेंभा, त्यानंतर गॅसबत्ती आणि पुढे विजेचे दिवे अशा क्रमाने तमाशाचा प्रकाश वाढत गेला, पण त्याचे काम एकच राहिले: चेहरा दाखविणे. यमुनाबाई वाईकर (1915-2018) यांच्यासारख्या कलावतीने बैठकीच्या लावणीत जी अदाकारी जपली, तिचे सारे व्याकरण भुवई, मान आणि बोटे यांत आहे. एकच ओळ निरनिराळ्या अर्थांनी खुलविणे हे तिचे सामर्थ्य. अशा अदाकारीवर मागील पडद्यावरचे दिवे पळू लागले तर प्रेक्षकाचा डोळा हलत्या गोष्टीकडे वळणारच. तो डोळ्याचा धर्म आहे. तेवढ्यात भुवई उचलून झालेली असते. आजच्या स्पर्धांतील लावणी अधिकाधिक कवायतीकडे झुकत आहे, याची कारणे अनेक असतील. परंतु ज्या प्रकाशात चेहरा दिसतच नाही, तेथे मुलीने चेहऱ्याने काही सांगावे तरी का?

दुसरे उदाहरण वारीचे. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या वाटेने इंदापूरला जाते. काटेवाडीस मेंढ्यांचे, तर बेलवाडी व इंदापूर येथे गोल रिंगण होते. ज्या विद्यार्थ्यांनी हे रिंगण लहानपणापासून पाहिले आहे, तेच रंगमंचावर 'वारी' सादर करतात, आणि तेथे नर्तकांच्या वर्तुळाभोवती दिव्यांचे वर्तुळही फिरवले जाते. कल्पना वरवर योग्य वाटते. परंतु रिंगणात काय घडते? कडेचा समुदाय उभा असतो. आधी पताकाधारी धावतात, मग तुळस घेतलेल्या स्त्रिया, विणेकरी, आणि शेवटी अश्व. गती चढत जाते आणि अश्वाच्या दौडीनंतर सुटते. कडे स्थिर आहे म्हणूनच दौड दिसते. दिव्यांचे अखंड फिरणारे वर्तुळ नेमके हे कडेच मोडते: धावणारे नर्तक एका गतीने, दिवे दुसऱ्या गतीने, आणि दोहोंपैकी एकही धाव म्हणून मनावर ठसत नाही. तुलनेने साधा उपाय असा की, कडेचे दिवे मंद व स्थिर ठेवावेत; शेवटच्या दौडीला एकच चेस, एकच फेरा, पायऱ्या एकमेकींत मिसळलेल्या, आणि मग पूर्ण विराम.

गती माणसांनी निर्माण करावी आणि प्रकाशाने तिला धरून ठेवावे, याचा उत्तम वस्तुपाठ मराठी रंगभूमीपाशी आहे. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात प्रथम सादर झालेल्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये ब्राह्मणांची डोलणारी रांग कधी भिंत होते, कधी पडदा होते. ही रांग म्हणजे माणसांचाच चेस होय. त्यावर दिवे पळवणे म्हणजे एका लयीवर दुसरी बेसूर लय चढविणे. या नाटकातील नाना फडणवीस साकारणारे डॉ. मोहन आगाशे हेच 2012 च्या डिसेंबरात बारामतीत भरलेल्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते, हा योगायोग येथे नोंदविण्यासारखा आहे.

याचा अर्थ प्रकाशाने कधी पळूच नये असा नाही. कोलकात्याचे तापस सेन (1924-2006) यांनी 'सेतू'मध्ये धावत्या आगगाडीचा आणि 'अंगार'मध्ये कोळशाच्या खाणीत चढत जाणाऱ्या पाण्याचा आभास केवळ प्रकाशाने उभा केला. तेव्हा संगणक नव्हता. 'अंगार'मधील पाणी कामगारांच्या मरणाचे होते. प्रकाशाची हालचाल हीच तेथे नाट्यघटना होती. चेसची कसोटी हीच मानावी लागेल. तो काढून टाकला तर दृश्यातील एखादी घटना हरवते का? हरवत नसेल तर तो सजावटीचा आहे आणि मांडवातच शोभतो.

महाविद्यालयीन पातळीवर या चर्चेला एक व्यावहारिक बाजूही आहे. प्रकाशयोजनेला गुण देताना परीक्षक बहुधा जे डोळ्यांत भरते त्याला गुण देतात. न दिसणाऱ्या संपादनाला गुण मिळत नाहीत आणि म्हणून ते शिकविलेही जात नाही. उघडझाप करणाऱ्या दिव्यांचा धोकाही क्वचितच सांगितला जातो. डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये एका व्यंगचित्र मालिकेतील वेगवान उघडझापीमुळे सुमारे 700 जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले होते. प्रकाशसंवेदी अपस्माराचा हा धोका सेकंदाला तीनपेक्षा अधिक झोतांपासून संभवतो. चौगुनीतला चेस सेकंदाला सोळा पायऱ्या घेतो. प्रत्येक दिवा त्यात दोनदाच उजळतो हे खरे, पण सर्व दिवे एकाच पडद्यावर रोखलेले असतील तर प्रेक्षकाला तो पडदाच सोळा वेळा लखलखताना दिसू शकतो. पायऱ्या एकमेकींत मिसळणे येथे सौंदर्यापुरते उरत नाही.

'क्यूएलसी प्लस'मध्ये दिव्यांची मांडणी पडद्यावर पाहण्याची सोय असल्याने नाट्यगृह एकच दिवस मिळाले तरी संपादन महिनाभर आधी वर्गखोलीत होऊ शकते. त्यासाठी लॅपटॉपशेजारी एक ढोलकीवाला बसवावा लागेल, आणि पहिले काही दिवस एकही दिवा पेटवू नये.