कवटीची मापे आणि मनातले ग्रह

‘इरू’ या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी चरित्रामुळे इरावती कर्वे यांच्या बर्लिनमधील संशोधनाची कथा पुन्हा चर्चेत आली. थोडक्यात ती अशी. १९२८ मध्ये इरावतीबाई ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधनासाठी गेल्या. गोऱ्या लोकांच्या कवटीच्या उजव्या-डाव्या बाजू अधिक असमान असतात व म्हणून त्यांची तर्कबुद्धी सरस असते, हे फिशर यांचे गृहीतक. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानतेचा वंशाशी संबंध आढळला नाही आणि प्रबंधात त्यांनी तसेच लिहिले.

ही कथा केवळ धैर्याची म्हणून सांगितली, तर निम्माच धडा हाती लागतो असे आम्हाला वाटते. मापे फिशर यांनीही घेतली होती. १९०८ मध्ये त्यांनी आजच्या नामिबियातील रेहोबोथ येथे युरोपीय पुरुष व खोईखोई स्त्रिया यांच्या वंशजांचा अभ्यास केला. ही मिश्र वंशाची माणसे निरोगी आहेत, त्यांना भरपूर मुलेबाळे आहेत, असे त्यांना दिसले. तरीही वंशमिश्रणाने युरोपीयांचा ऱ्हास होतो, असे त्यांनी १९१३ च्या ग्रंथात लिहिले. म्हणजे निष्कर्ष मापांतून नव्हे, आधीच शिकलेल्या ग्रहातून आला. पुढे १९३७ मध्ये ऱ्हाइन प्रदेशातील शेकडो मिश्रवंशीय मुलांची सक्तीने नसबंदी झाली; त्या कामी फिशर यांनी तज्ज्ञ म्हणून साह्य केले.

स्वतः बाईही भारतात परतल्यावर जातीजमातींची शरीरमापे घेत राहिल्या. एक गृहीतक खोटे ठरले, तरी प्रश्नांची जुनी चौकट सहज सुटत नाही. कथेचा हा भाग वगळू नये.

आमच्या वाशिम जिल्ह्यात वऱ्हाडी बोलणारी आणि घरी गोरबोली बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात. आंतरजातीय विवाहातल्या मुलाला ‘तू नेमका कोणाचा?’ असे विचारले जाते. रंग, आडनाव, बोली यांवरून हुशारी ठरवणे मुले मोठ्यांकडूनच शिकतात. त्या मोठ्यांत आपणही आलो. वास्तविक भारतातले जवळजवळ सर्वच समाज मिश्र आहेत. २०१३ च्या एका जनुकीय अभ्यासानुसार हे मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी झाले, म्हणजे वाशिम ‘वत्सगुल्म’ या नावाने वाकाटकांची राजधानी होण्याच्याही आधी.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. प्रत्येकाने आपल्या दोन्ही पावलांची लांबी मोजून नाव न घालता चिठ्ठीवर लिहावी. कोणती चिठ्ठी कोणाची हे ओळखण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज व त्याचे कारण वहीत नोंदवावे. मग मापांपेक्षा ती कारणेच तपासावीत.