दुसऱ्या साक्षीदाराची बाटली

लेबलावर स्कॉटलंडमधल्या एका नामांकित डिस्टिलरीचे नाव आहे, पण बाटलीचा आकार तिचा नाही, चिन्ह तिचे नाही, आणि ठळक अक्षरात नाव आहे ते एल्गिन किंवा कॅम्पबेलटाउन इथल्या कुणा व्यापाऱ्याचे. अशी बाटली पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती बनावट वाटते. ती बनावट नसते. डिस्टिलरीत गाळलेला माल पिंपासह विकत घेऊन, तो मुरवून, स्वतःच्या नावाने बाटलीत भरणाऱ्या व्यापाऱ्याची ती असते. या व्यापाऱ्यांना स्वतंत्र बॉटलर म्हणतात. ‘अमुक डिस्टिलरीची चव’ असे आपण म्हणतो तेव्हा ती चव ठरवली कुणी, या प्रश्नाचे उत्तर शोधायला या बाटल्यांइतका चांगला पुरावा दुसरा नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

आधी थोडा इतिहास. सिंगल माल्ट म्हणजे केवळ माल्ट केलेल्या बार्लीपासून, एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये गाळलेली व्हिस्की. आज तिचा मोठा बोलबाला असला तरी विसाव्या शतकाचा बराच काळ बहुतेक डिस्टिलऱ्यांचा माल ब्लेंडेड व्हिस्कीत मिसळण्यासाठीच जात असे. ग्लेनफिडिकने आपली सिंगल माल्ट स्कॉटलंडबाहेर नेटाने विकायला सुरुवात केली ती १९६३ मध्ये. त्याआधी आणि नंतरही कितीतरी डिस्टिलऱ्यांची नावे सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोचली ती वाणसामान व मद्य विकणाऱ्या दुकानदारांमुळे. कॅडनहेड ही पेढी १८४२ मध्ये ॲबर्डीनला सुरू झाली आणि १९७२ नंतर कॅम्पबेलटाउनला गेली. गॉर्डन अँड मॅकफेल हे १८९५ पासूनचे एल्गिनमधले दुकान. त्यांनी १९६८ मध्ये ‘कॉनॉसर्स चॉइस’ ही मालिका काढली आणि मालकांनी स्वतः बाजारात न आणलेल्या अनेक माल्ट लोकांना नावानिशी चाखायला मिळाल्या. १९८३ मध्ये मंदीमुळे पोर्ट एलन, ब्रोरा, सेंट मॅग्डालेन अशा डिस्टिलऱ्या बंद पडल्या. त्यांच्या चवीची आठवण पुढची अनेक वर्षे टिकली, त्यात या व्यापाऱ्यांच्या गोदामांतल्या पिंपांचा वाटा मोठा होता. मालकाला ज्याचे मोल वाटले नाही, त्याचे दप्तर दुकानदाराने सांभाळले, असा हा प्रकार आहे.

आता मालकाची बाटली आणि स्वतंत्र बाटली यांत फरक काय तो पाहू. कायदा दोघांना एकच. स्कॉच ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान तीन वर्षे मुरलेली हवी. पिंप ७०० लिटरहून मोठे नको. बाटलीत अल्कोहोल किमान ४० टक्के हवे. वरून पाणी आणि रंगासाठी साधे कॅरमेल एवढेच घालता येते. या चौकटीत मालक सहसा पुष्कळ पिंपे एकत्र करतो, पाणी घालून ४० किंवा ४३ टक्क्यांवर आणतो, गार केल्यावर गढूळपणा येऊ नये म्हणून थंड करून गाळतो आणि बऱ्याचदा रंगही सारखा करतो. यंदाची बाटली गेल्या वर्षीच्या बाटलीसारखी लागली पाहिजे, हे त्याचे ध्येय असते. त्यात लबाडी काही नाही. पण ज्याला आपण डिस्टिलरीचा ‘स्वभाव’ म्हणतो तो इथे संपादित होऊन आलेला असतो, हे विसरू नये. मालकाची बाटली हे डिस्टिलरीचे आत्मचरित्र आहे. नको त्या गोष्टी त्यातून वगळलेल्या असतात.

स्वतंत्र बॉटलर बहुधा एकच पिंप घेतो, पाणी न घालता किंवा थोडेच घालून भरतो आणि गाळणी टाळतो. पिंप कोणते, किती साली भरले, किती बाटल्या निघाल्या, हे लेबलावर लिहितो. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. हॉग्जहेड नावाचे पिंप साधारण २५० लिटरचे असते. स्कॉटलंडच्या हवेत वर्षाला सुमारे दोन टक्के माल उडून जातो. त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. वीस वर्षांनी उरतो साधारण १६७ लिटर, म्हणजे ७०० मिलिलिटरच्या दोनशे चाळीसच्या आत बाटल्या. जगभरात तेवढ्याच. त्या संपल्या की ती व्हिस्की संपली.

उदाहरणादाखल मी कोल ईला निवडली. ही डिस्टिलरी १८४६ मध्ये आयला बेटावर सुरू झाली. (बेटाचे नाव हेच आहे. मराठी माणसाच्या तोंडी ते एरवी वेगळ्या निमित्ताने येते, आणि पहिल्या घोटाला ते निमित्तही मिळते.) हिचा बहुतांश माल जॉनी वॉकरसारख्या ब्लेंडमध्ये जातो. मालकाने आपली बारा वर्षांची नियमित बाटली थाटात बाजारात आणली ती २००२ मध्ये. त्याआधी त्याच्या स्वतःच्या बाटल्या मोजक्याच होत्या आणि तिला ओळखणारे बरेचसे लोक स्वतंत्र बाटल्यांतूनच तिला ओळखत. शिवाय तुलनेला जवळची लागव्हुलिन आहे. दोघींना माल्ट येते ते बेटावरच्या पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून, पीटच्या धुरावर वाळवलेले. कच्चा माल सारखा, स्टिल वेगळे. प्रयोगाला याहून सोयीची जोडी मिळणे कठीण.

चार पेले मांडले. मालकाची बारा वर्षांची कोल ईला. बर्बनच्या जुन्या लाकडातल्या हॉग्जहेडमधली एक स्वतंत्र कोल ईला. शेरीच्या पिंपातली दुसरी. आणि लागव्हुलिनची मालकाचीच सोळा वर्षांची. मालकाची कोल ईला आणि लागव्हुलिन दोन्ही ४३ टक्क्यांच्या. स्वतंत्र बाटल्या ५७ टक्क्यांच्या आसपास होत्या, म्हणून त्यांच्या २० मिलिलिटरमध्ये साधारण साडेसहा मिलिलिटर पाणी घालून त्याही ४३ वर आणल्या. ही काळजी न घेता केलेल्या तुलनेत तीव्र पेला जिंकतो आणि आपण त्यालाच खोली समजतो. पेले पुतण्याने भरले, खाली क्रमांक चिकटवले आणि यादी स्वतःकडे ठेवली. दुसऱ्या दिवशी क्रम बदलून पुन्हा तेच.

मालकाची बारा वर्षांची दोन्ही दिवशी ओळखता आली: लिंबाची साल, हलका धूर, किंचित तेलकट गोडवा आणि पटकन आवरता घेतलेला शेवट. हॉग्जहेडमधल्या पेल्यात तेच लिंबू होते, पण गोडवा मागे सरला होता. ओली राख, खारटपणा आणि भिजवलेल्या धान्याचा वास पुढे आला होता. शेरीच्या पिंपातली मात्र मी पहिल्या दिवशी लागव्हुलिन म्हणून लिहिली. दुसऱ्या दिवशीही तेच लिहिले. मनुका, चिंच-गुळासारखा दाटपणा आणि त्यामागे धूर एवढ्यावर मी निकाल दिला होता. यादी पाहिल्यावर तिसऱ्यांदा चाखली तेव्हा मनुकांच्या खाली दबलेले लिंबाच्या सालीचे कडसर टोक सापडले. ते पहिल्या दोन्ही पेल्यांत होते, लागव्हुलिनमध्ये नव्हते.

या चुकीतून मला पद्धत मिळाली. तीन पेल्यांत जे समान ते डिस्टिलरीचे; जे बदलते ते पिंपाचे आणि संपादनाचे. एका साक्षीदाराच्या जबानीवर निकाल देऊ नये, हे कोर्टाला कळते, इतिहास संशोधकाला कळते, चव सांगणाऱ्याला मात्र अजून पुरेसे कळलेले नाही. एकच बाटली उघडून ‘ही कोल ईलाची चव’ असे लिहिणारा बहुधा एका पिंपाविषयीच बोलत असतो.

मात्र स्वतंत्र बॉटलर म्हणजे सत्यवचनी हरिश्चंद्र, असेही समजू नये. दुसऱ्या साक्षीदारालाही हितसंबंध असतात. थकलेल्या पिंपातला फिका माल शेवटच्या काही महिन्यांसाठी शेरीच्या ताज्या पिंपात ओतून गडद करणे हा सर्रास चालणारा उद्योग आहे. त्याने डिस्टिलरीविषयी काहीच कळत नाही, शेरीविषयी मात्र पुष्कळ कळते. ‘एकच पिंप’ हे शब्दही गुणवत्तेची हमी नव्हेत. सुमार पिंपही एकच असते. आणि नावाचे राजकारण वेगळेच. आपले नाव दुसऱ्याच्या लेबलावर नको म्हणून काही मालक पिंप विकण्याआधी त्यात दुसऱ्या डिस्टिलरीची चमचाभर व्हिस्की घालतात. कायद्याने ती मग सिंगल माल्ट राहत नाही, ब्लेंडेड माल्ट होते, आणि मूळ नाव लावता येत नाही. बॅल्व्हेनीचा असा माल ‘बर्नसाइड’ नावाने फिरतो, ग्लेनफिडिकचा ‘वॉर्डहेड’ नावाने. चवीत फरक शून्य, कागदावर जात बदललेली. १९८३ मध्ये एडिंबरोत स्थापन झालेल्या स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटीने नावाऐवजी क्रमांकच लावले: २९ म्हणजे लाफ्रॉइग, ३३ म्हणजे आर्डबेग, ५३ म्हणजे कोल ईला. नाव झाकले की लोक चव पाहतील, ही अपेक्षा चांगली होती. लोकांनी क्रमांक पाठ केले.

गुणांच्या बाबतीतही असेच झाले. मायकेल जॅक्सन या ब्रिटिश लेखकाने १९८९ च्या आपल्या माल्ट व्हिस्कीवरील मार्गदर्शक पुस्तकात शंभरपैकी गुण दिले आणि पुढे ती रीतच पडली. मालकाच्या नियमित बाटलीला गुण देण्याला थोडा तरी अर्थ आहे, कारण ती पुन्हा मिळते. पण दोनशे चाळीस बाटल्या विकल्या गेल्यावर ‘८७’ हा आकडा कुणाच्या उपयोगाचा? रेकॉर्डिंग नसलेल्या मैफलीसारखी ती गोष्ट आहे. ऐकणाऱ्याने रागाची मांडणी कशी झाली, कशाला फाटा दिला, हे लिहून ठेवले असेल तर पन्नास वर्षांनीही कामाला येते. ‘उत्तम झाली’ हे येत नाही. एका पिंपाची समीक्षा म्हणूनच तुलनेच्या रूपातच असली पाहिजे: कशाहून वेगळी, कशात सारखी.

इथे भाषेचा प्रश्न येतो. एडिंबरो विद्यापीठात १८९५ ते १९१५ इंग्रजी साहित्य शिकवणारे समीक्षक जॉर्ज सेंट्सबरी यांनी १९२० मध्ये आपल्या तळघरातल्या नोंदवहीवर पुस्तक लिहिले आणि वाइनच्या पंक्तीला व्हिस्कीला बसवले. साहित्याचा समीक्षक चवीविषयी लिहितो तेव्हा तो स्वतःच्या आयुष्यातले शब्द वापरतो. आपण मात्र नाताळचा केक आणि हेदरची फुले उसनी घेतो. मी कोल ईलाच्या धुराला होळीच्या दुसऱ्या सकाळची राख म्हणतो, आणि लिंबू-मीठ चोळलेले भाजके कणीस म्हणतो. ही नुसती हौस नव्हे. पीटच्या धुरातून येणारे ग्वायाकॉलसारखे फिनॉल लाकडाच्या धुरातही असतात. ओकमधल्या लॅक्टोनमुळे येणाऱ्या वासाला इंग्रजीत नुसते ‘कोकोनट’ म्हटले की काम भागते. आपल्याकडे ओले खोबरे, सुके खोबरे, भाजलेला कीस आणि खवट खोबरेल हे चार वेगळे वास आहेत, आणि चार पिंपांत ते चारही मला सापडले आहेत. नेमकेपणा आपल्या स्वयंपाकघरात आहे. तो वापरला तर नोंद दुसऱ्या मराठी वाचकाला पडताळता येईल.

हे सगळे आताच लिहिण्याला कारण आहे. गॉर्डन अँड मॅकफेलने २०२३ मध्ये जाहीर केले की २०२४ पासून इतर डिस्टिलऱ्यांच्या नव्या मालाने पिंपे भरणे ते थांबवणार आणि स्वतःच्या दोन डिस्टिलऱ्यांकडे लक्ष देणार. गोदामातला साठा काही दशके पुरेल. पण सव्वाशेहून अधिक वर्षे दुसऱ्यांची साक्ष नोंदवणाऱ्या दुकानाने नवी जबानी घेणे बंद केले आहे. चमच्याचा खेळ सुरूच आहे, आणि सिंगल माल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरण्याची २०१२ पासूनची सक्ती परदेशी बॉटलरांना आधीच बाहेर ठेवून आहे. उद्या डिस्टिलरीविषयी फक्त डिस्टिलरीच बोलेल, तेव्हा तिचे आत्मचरित्र तपासायला आपल्याजवळ जुन्या बाटल्या नसतील. त्या कुणीतरी पिऊन टाकलेल्या असतील, आणि प्यायलाच हव्यात. उरतील त्या नोंदी. माझ्या वहीत शेरीच्या त्या पेल्यापुढे ‘लागव्हुलिन’ असे दोनदा लिहिलेले आहे. ते खोडलेले नाही. शेजारी फक्त लिंबाच्या सालीची ओळ वाढवली आहे.