यंत्रवाचन आणि मराठी पाठ

पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी साधने आता पुष्कळ भ्रमणध्वनींतही असतात. डोळ्यांना विसावा देणारी सोय, एवढ्याच दृष्टीने त्यांच्याकडे पाहण्याचा प्रघात आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र त्यांची परीक्षा निराळ्या कसोटीवर करावयास हवी. यंत्राच्या मुखातून जे ऐकू येते तो मूळ पाठच असतो काय, हा खरा प्रश्न होय.

देवनागरी ही सर्वस्वी उच्चारानुसारी लिपी आहे, या समजुतीवर आपण फार विसंबून राहतो. ‘जरा थांब’ आणि ‘जरा-मरण’ यांतील ‘ज’ एकाच चिन्हाने लिहिला जातो. परंतु पहिला दंततालव्य, तर दुसरा शुद्ध तालव्य. ‘घर’ या शब्दातील अन्त्य अकार बोलताना आपण गाळतो, ‘रक्त’ यातील राखतो. हे ज्ञान लिपीत नाही. ते वाचकाच्या कानात आहे. केवळ अक्षरे पाहून उच्चार ठरविणारे यंत्र अशा स्थळी अडखळते. ध्वनिमुद्रित वाचनावरून शिकलेली नवी यंत्रे पुष्कळच सफाईने वाचतात, हे मान्य केले पाहिजे. तथापि आजचे गद्य हाच त्यांचा आदर्श असेल, तर जुन्या पाठाशी त्यांचे जमणे कठीण. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीच्या ग्रंथांत ‘नांव’, ‘केलें’ असे छापीत. ते अनुस्वार व्युत्पत्तीचे वा व्याकरणाचे निदर्शक होते. यंत्राने त्यांचा स्पष्ट उच्चार केला, की सगळे गद्य नाकात बोलू लागते. मोठ्या अभंगाच्या चरणांत ६, ६, ६ व ४ अशी अक्षरे असतात आणि पठणात अन्त्य अकारही उच्चारला जातो. गद्याच्या सवयीने तो गाळला, की अर्थ उरतो, पण छंद मोडतो.

डोळस वाचकाला यात फारसे भय नाही. शंका येताच तो छापील ओळीकडे वळतो. अंध विद्यार्थ्याला हा मार्ग मोकळा नसतो. ब्रेल ग्रंथ हाती नसेल तेथे यंत्राचा प्रमाद हाच त्याच्यापुरता ग्रंथाचा पाठ होऊन बसतो. त्याहूनही मोठी अडचण ही, की कित्येक ग्रंथ यंत्राला वाचताच येत नाहीत. पानांची नुसती छायाचित्रे ही त्याच्या लेखी चित्रेच होत. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो. यंत्राला मात्र तेथे रोमन अक्षरांची निरर्थक माळ आढळते. दिव्यांगांसाठी सुलभ प्रती तयार करण्यास प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली. २०१४ मध्ये भारताने मराकेश करारालाही मान्यता दिली. कायद्याची वाट बरीच मोकळी झाली आहे. उरले आहे ते अभ्यासकांचे काम.

ते काम तंत्रज्ञांवर सोपवून भागणार नाही. कोणता अनुस्वार उच्चारावा, कोणता अकार राखावा, याचा निर्णय भाषाभ्यासकानेच द्यावयाचा आहे. नेमलेल्या ग्रंथांचे शुद्ध युनिकोड पाठ उच्चारविषयक नोंदींसह सिद्ध करणे, हे पदव्युत्तर वर्गांनी हाती घ्यावे असे कार्य आहे. आपल्या संतवाङ्मयाचा मोठा भाग शतकानुशतके श्रवणानेच समाजापर्यंत पोहोचला. त्या परंपरेच्या अभ्यासकांनी पाठचिकित्सा ही केवळ डोळ्यांची विद्या मानावी, हे शोभणारे नाही.