पॉल नॅश यांची दोन युद्धचित्रे : आशय आणि शीर्षक

निसर्गचित्रातून विचार व्यक्त होतो काय, या प्रश्नाला टीकाकार बहुधा प्रतीकांची यादी देऊन उत्तर देतात : वठलेले झाड म्हणजे नैराश्य, उगवता सूर्य म्हणजे आशा. अशा समीकरणांनी आशय हाती लागत नाही. इंग्रज चित्रकार पॉल नॅश (१८८९–१९४६) यांची दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिली असता हे स्पष्ट होईल.

बेल्जममधील ईप्रची रणभूमी नॅश यांनी १९१७ साली प्रथम सैन्याधिकारी म्हणून व नंतर सरकारनियुक्त चित्रकार म्हणून पाहिली. तिच्यावर आधारलेल्या १९१८ च्या तैलचित्राचे नाव ‘आपण नवे जग घडवीत आहो’ असे आहे. त्यात माणूस नाही; प्रेतही नाही. उखणलेली माती, फांद्या तुटलेले बुंधे, तांबूस ढगांची रांग आणि तीवरून वर येणारा फिकट सूर्य, एवढेच. आशेचे हे रूढ चिन्ह येथे केवळ विध्वंस उजेडात आणते. मातीचे उंचवटे एका लयीत मांडलेले असल्यामुळे ही उजाड अवस्था कायमची वाटते.

तथापि उपरोधाचा डंख शीर्षकात आहे. मूळ इंग्रजी सर्वनामात ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद नाही. मराठीत तो करावाच लागतो. ‘आम्ही’ म्हटले तर युद्ध चालविणाऱ्यांची बढाई ऐकू येते. ‘आपण’ म्हटले तर प्रेक्षकही अपराधात सामील होतो. चित्र याचा निवाडा करीत नाही. शीर्षक झाकले तर शोक उरतो, आरोप उरत नाही.

१९४०–४१ मधील ‘टोटेस मेअर’ची गोष्ट वेगळी आहे. ऑक्सफर्डजवळील काउली येथे साठविलेले मोडक्या जर्मन विमानांचे ढीग हा त्याचा विषय. चांदण्यात विमानांचे पंख लाटांसारखे उसळलेले दिसतात. पण त्या किनाऱ्याशी येऊन गोठल्या आहेत. दृष्टी समुद्र पाहते आणि लगेच धातू पाहते. या हेलकाव्यातच गतीचा मृत्यू प्रत्ययास येतो. विमाने शत्रूची असूनही विजयाचा उन्माद कोठेच नाही. ‘मृत समुद्र’ हा शीर्षकाचा अर्थ डोळ्यांना आधीच कळलेला असतो.

मनुष्याकृती टाळल्यामुळे नॅश मानवी दुःखापासून दूर राहतात, असा आक्षेप घेता येईल. परंतु या दोन चित्रांतील खरा फरक माणसाच्या अभावाचा नाही; तो दोहोंत समान आहे. पहिल्यात विचाराला शब्दांचा आधार लागतो. दुसऱ्यात तो रेषेत व रंगात मुरलेला आहे. निसर्गचित्राला जोडलेला विचार आणि निसर्गचित्राने केलेला विचार यांतील भेद तो हाच.