ताइको: ढोलाची रंगभूमी आणि नटाची वाट

रंगमंचावर मेळ्याने वाजवल्या जाणाऱ्या जपानी ढोलांची कला जगभर ‘ताइको’ या नावाने ओळखली जाते. तिची जाहिरात प्राचीन परंपरा म्हणून होते. ढोल प्राचीन आहेत, यात शंका नाही. पण वेगवेगळ्या मापांचे ढोल, बसवलेल्या हालचाली, प्रकाशयोजना आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक हे सगळे एकत्र आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. या कलेला जपानीत ‘कुमिदाइको’ म्हणतात. तिचे वय पाऊणशे वर्षांच्या आसपास आहे आणि ती जितकी संगीताची तितकीच नाटकाची आहे. वादक कुठे उभा राहतो, टिपरू किती उंच उचलतो, कोणाकडे पाहतो, थाप पडण्याआधी किती थांबतो, हे सगळे प्रेक्षक पाहत असतो. म्हणूनच अभिनयाकडून ढोलाकडे आलेल्या आणि वाजवता वाजवता त्याचा अभ्यास करणाऱ्या माणसांना या कलेत जे दिसले, ते केवळ संगीताच्या कानाने ऐकणाऱ्यांच्या हाती क्वचितच लागले.

या वाटेची सुरुवात जपानच्या जुन्या रंगभूमीपासून होते. नोह नाटकात एक बासरी आणि तीन प्रकारचे ढोल असतात. खांद्यावर धरायचा कोत्सुझुमी, मांडीवर ठेवायचा ओत्सुझुमी आणि टिपऱ्यांनी वाजवायचा ताइको. हा तिसरा ढोल सगळ्या नाटकांत वाजत नाही. देव, दैत्य, भुते यांच्या नाटकांत तो प्रामुख्याने येतो. ओत्सुझुमीची पाने प्रयोगाआधी कोळशाच्या धगीवर तापवून कोरडी करतात, तर कोत्सुझुमीच्या पानांना ओल लागते, म्हणून वादक प्रयोग चालू असतानाही त्यांवर फुंकर घालतो. एकाच रंगमंचावर शेजारी बसलेल्या दोन ढोलांपैकी एकाला आग हवी, दुसऱ्याला श्वास. नोहच्या जुन्या रंगमंचांच्या लाकडी तक्तपोशीखाली मातीचे मोठे रांजण ठेवलेले असतात. नटाने पाय आपटला की त्यांच्यामुळे तो आवाज घुमतो. नट ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीनच अशी ढोल होते.

नोहमधला मुख्य नट आपल्या शिक्षणात ही वाद्येही शिकतो. याचे कारण ‘दोजोजी’ या नाटकातल्या ‘रानब्योशी’ नावाच्या भागात उघड होते. तिथे बराच वेळ फक्त दोघे उरतात: नट आणि कोत्सुझुमीवादक. वादक एक हाक घालतो, एक थाप देतो. मग दीर्घ शांतता. मग नटाच्या टाचेची किंवा बोटांची लहानशी हालचाल. मोजायला ठरलेली लय नसते. दोघांनी एकमेकांचा श्वास ओळखायचा. ही रिकामी जागा जपानी कलाविचारात ‘मा’ या नावाने प्रसिद्ध आहे. ताइकोच्या आधुनिक मेळ्यांनी जुन्या रंगभूमीकडून वेग आणि ताकद पुष्कळ घेतली. हा थांबा मात्र फार थोड्यांनी घेतला.

काबुकी या दुसऱ्या जुन्या नाट्यप्रकारात ढोल बहुधा दिसतच नाही. प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, काळ्या पडद्याआड बसलेले वादक मोठ्या ढोलावर नाटकाचे हवामान उभे करतात. पाऊस, वारा, लाटा यांचे आघात ठरलेले आहेत. बर्फ पडताना खऱ्या जगात आवाज होत नाही, पण काबुकीत मऊ गुंडाळलेल्या टिपऱ्याने दिलेल्या हलक्या थापांनी बर्फ ऐकू येतो. भूत येते तेव्हा ‘दोरोदोरो’ घुमू लागते. इथे ढोल हे एक पात्र आहे आणि त्याला स्वतःचे काम नेमून दिलेले आहे. रंगमंचाच्या मध्यभागी येण्याआधी ढोलाने हे शिक्षण घेतले होते, हे विसरले की आजच्या ताइकोचे मूल्यमापन एकांगी होते.

कुमिदाइकोचा आरंभ नागानो प्रांतातल्या दाइहाची ओगुची (1924–2008) यांच्यापाशी मानला जातो. ते जॅझचे ड्रमवादक होते. सुवा देवस्थानाशी संबंधित जुनी रचना पुढे आल्यावर त्यांनी लहानमोठे ढोल जॅझच्या ड्रमसेटप्रमाणे मांडून वादकांना वेगवेगळी कामे वाटून दिली आणि 1951 मध्ये ‘ओसुवा दाइको’ उभा केला. पुढे तोक्योत बोन या पितरांच्या सणाच्या नाचासोबत ढोल वाजवणाऱ्या तरुणांतून ‘सुकेरोकु’ मेळा आला. त्याचे नावच एका काबुकी नायकाचे. तिरप्या घोडीवर ठेवलेला ढोल, बाजूने दिसणारी वादकाची रेखीव देहरेषा आणि हातांची डौलदार फेक ही या मेळ्याची देणगी. आज जगातल्या असंख्य गटांत दिसणारी उभी राहण्याची ढब इथून आली.

खरे नाट्य घडले ते सादो बेटावर. तागायासु देन यांनी 1969 नंतर तिथे तरुण जमवले. ढोलाच्या कार्यक्रमांतून पैसा उभारून कारागिरांसाठी विद्यापीठ काढावे, असा त्यांचा बेत होता. ‘ओंदेकोझा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या मेळ्यात सामूहिक निवास होता, कडक शिस्त होती आणि रोज लांब पल्ल्याचे धावणे होते. 1975 मध्ये बॉस्टनची मॅरेथॉन धावून संपवताच हे तरुण ढोल वाजवायला उभे राहिले. वादनाआधीची धाव हाही प्रयोगाचाच अंक होता. लंगोट नेसून महाकाय ढोलापुढे उभ्या असलेल्या पुरुषाचे जे चित्र आज ‘अस्सल जपान’ म्हणून पाहिले जाते, त्यामागे पॅरिसच्या दौऱ्यात पिएर कार्दां या वेशरचनाकाराने केलेली सूचना असल्याचे सांगितले जाते. प्रेक्षकांकडे पाठ करून ढोलाला सामोरे जाण्याची पद्धत मेळ्यातल्याच एइतेत्सु हायाशी यांनी घडवली. चेहरा दिसत नाही, त्यामुळे पाठ, खांदे आणि पोटऱ्या बोलू लागतात. अभिनयाच्या दृष्टीने हा शोध मोठा आहे. त्याला प्राचीन म्हणण्याची गरज नाही; तो विसाव्या शतकातला आहे म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

प्रश्न वेगळ्या ठिकाणी उभा राहतो. चिचिबु इथल्या डिसेंबरमधल्या जत्रेत ढोलवादक रथाच्या आत, अरुंद जागेत, लोकांच्या नजरेआड बसून वाजवतात. ओंदेकोझाने ती रचना रंगमंचावर आणताना वादकाला मागे झुकवले, ढोल पायांत घेतला आणि पोटाच्या स्नायूंवरचा ताण हाच पाहण्याचा विषय केला. मियाके बेटावरची खाली बसून वाजवायची रचनाही अशीच बदलली. चिचिबुत ज्या वादनाचा अर्थ रथ ओढणाऱ्यांना जोर देण्याचा होता, त्याचा रंगमंचावर अर्थ झाला सहनशक्ती. दोन्ही अर्थ खरे आहेत. पण दुसऱ्याने पहिल्याला झाकले. गावाचे ऋण मान्य करणारे मेळे आहेत आणि गावकऱ्यांकडे जाऊन शिकण्याची रीतही वाढली आहे. तरीही बहुतेक प्रेक्षकांपर्यंत पोचते ती रंगमंचावरची बदललेली आवृत्तीच.

1981 मध्ये देन आणि मेळ्याची फारकत झाली. सादोवर राहिलेल्या वादकांनी ‘कोदो’ हे नाव घेऊन त्याच वर्षी बर्लिनमध्ये पहिला प्रयोग केला. 1988 पासून ते सादोवर ‘अर्थ सेलिब्रेशन’ हा उत्सव भरवतात. हेच ते बेट जिथे नोहचे महान नाटककार आणि नट झेआमी यांना 1434 मध्ये हद्दपार केले होते. बेटावर आजही तिसाहून अधिक नोह रंगमंच आहेत. कोदोच्या उमेदवारांचे शिक्षण दोन वर्षांचे असते आणि त्यात ढोलाबरोबर नाच, गाणे, शेती आणि सहनिवास येतो. ही शाळा वादकापेक्षा नट घडवण्याच्या जवळ जाते.

हायाशी 1982 मध्ये एकल वाटेने निघाले आणि 1984 मध्ये कार्नेगी हॉलमध्ये वाजवले. पुढे त्यांनी मान रे, इतो जाकुचू यांसारख्या चित्रकारांवरून प्रयोग रचले. ढोलाला विषय देता येतो, एका माणसाच्या आयुष्याभोवती अख्खी संध्याकाळ बांधता येते, हे त्यांनी दाखवले. त्याआधी संगीतकार माकी इशिई यांनी 1976 मध्ये लिहिलेल्या ‘मोनोक्रोम’ने लहान शिमे ढोलांवर जवळजवळ ऐकू न येणाऱ्या थापांपासून आरंभ करता येतो, हे सिद्ध केले होते. ताइकोच्या इतिहासात जोराइतकेच धाडस या मंदपणाला लागले.

नाटकाचा सर्वांत ठळक हस्तक्षेप काबुकीतले स्त्रीपात्रांचे थोर नट बांदो तामासाबुरो यांनी केला. 2006 मध्ये कोदोबरोबर त्यांनी ‘अमातेरासु’ केले. सूर्यदेवी गुहेत दडून बसते आणि उझुमे ही देवी पालथ्या लाकडी पिंपावर पाय आपटत नाचते, तेव्हा देवांच्या हास्याने गुहेचे दार किलकिले होते, अशी ही पुराणकथा. नाच, अभिनय आणि ढोल तिथे एकाच देहात आहेत, म्हणून कथेची निवड नेमकी होती. 2012 ते 2016 या काळात तामासाबुरो कोदोचे कलादिग्दर्शक होते. ‘लेजंड’, ‘मिस्टरी’, ‘इटर्नल’, ‘केऑस’ आणि ‘स्पायरल’ हे प्रयोग त्या काळातले. अंधाराचा उपयोग, प्रवेशांची गुंफण, पाश्चात्त्य ड्रमसेटला दिलेली जागा, या सगळ्यांत नटाची नजर होती: प्रत्येक थापेआधी ती का वाजते, हे वादकाला ठाऊक असावे. जुन्या चाहत्यांना घामाचा आणि गर्जनेचा कोदो हवा होता. त्यांची नाराजी समजण्याजोगी आहे. पण या पाच वर्षांनी कलेला जे दिले ते टिकाऊ आहे. रोबेर लपाज या कॅनडाच्या दिग्दर्शकाबरोबरचा ‘नोव्हा’ हा कोदोचा प्रयोग त्याच उघडलेल्या दारातून आला. दुसरीकडे भव्य रोषणाई आणि कवायती वेगावर उभे असलेले व्यावसायिक मेळे वाढले. त्यांचे कौशल्य वादातीत आहे, परंतु दीड तास चढत्या पट्टीतच राहणाऱ्या प्रयोगात पात्र, संघर्ष, विराम यांना वाव उरत नाही आणि अर्ध्या वाटेवरच कान थकतो.

नटाला ढोलातून काय मिळते? पहिली गोष्ट कमरेखालच्या भागाची जाण. बळ खांद्यातून येत नाही. पाय रोवून, गुडघे सैल ठेवून ते जमिनीतून वर घ्यावे लागते. तादाशी सुझुकी यांनी 1976 मध्ये तोगा या डोंगरी गावात नेलेल्या आपल्या नाटकमंडळींसाठी पाय आपटण्याची जी तालीम घडवली, तिचा पायाही हाच. दुसरी गोष्ट आवाज. वादक थापांमधून हाक घालतो. ती हाक लय सांगते, सोबत्याला सावध करते आणि श्वास मोकळा करते. तिसरी गोष्ट तोंडपाठ बोल. तबल्याच्या बोलांप्रमाणे ‘दोन’, ‘दोको’, ‘त्सु’, ‘का’ अशा अक्षरांनी रचना आधी तोंडात बसते, मग हातात. आणि या सगळ्यांवर ‘काता’: ठरवून दिलेली मुद्रा, जी वर्षानुवर्षे गिरवल्यावर शरीराची स्वतःची होते. काता रिकामी राहिली तर तिची कवायत होते. ती आतून भरायची कशी, हे नोह आणि काबुकीने शतकानुशतके शिकवले आहे. ताइकोच्या शिबिरांत या दुसऱ्या अर्ध्याला पुरेसा वेळ दिला जात नाही.

अमेरिका खंडात ताइकोला रंगभूमीशी जोडणारी सर्वांत स्पष्ट वाट मिनिआपोलिसमध्ये दिसते. तिच्याआधी कॅलिफोर्नियात गट उभे राहिले: सेइची तानाका यांचा सॅन फ्रान्सिस्को ताइको दोजो 1968 मधला, लॉस एंजेलिसच्या बौद्ध मंदिरातला किन्नारा 1969 मधला, सॅन होजे ताइको 1973 मधला. या गटांच्या भरभराटीला जपानी अमेरिकन समाजाच्या आत्मभानाची जोड होती. युद्धकाळात जपानी अमेरिकनांना ज्या छावण्यांत डांबले होते, त्यांची आठवण ताजी होती. सॅन होजेच्या पीजे हिराबायाशी यांच्या ‘एइ जा नाइ का’ या रचनेत शेतमजुरी, खाणकाम, रेल्वेचे रूळ टाकणे या स्थलांतरितांच्या श्रमांच्या हालचाली आहेत. त्या गुंफताना त्यांनी ढोल आणि नाच एकाच वर्तुळात आणले. टोरांटोत जन्मलेले नाटककार रिक शिओमी यांच्या ‘येलो फीव्हर’ या नाटकाचा पहिला प्रयोग 1982 मध्ये झाला. 1992 मध्ये त्यांनी इतरांसह मिनिआपोलिसमध्ये थिएटर मू उभे केले आणि 1997 मध्ये त्यातूनच मू दाइको निघाला. नाटकमंडळीच्या पोटात ढोलाचा मेळा वाढणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. आशियाई वंशाच्या नटांना मुख्य प्रवाहात भूमिका मिळत नसताना इथे त्यांना रंगमंच, संहिता आणि ढोल एकाच छताखाली मिळाले.

मू दाइकोत वाजवलेल्या अँजेला आल्ग्रेन यांचे 2018 मधले ‘ड्रमिंग एशियन अमेरिका’ हे पुस्तक नाट्यअभ्यासकाने लिहिलेले आहे आणि म्हणून ते वेगळे पडते. कोणता देह ढोलापुढे उभा आहे, प्रेक्षक त्यात काय वाचतो, जपानी वंशाच्या नसलेल्या स्त्रीने वाजवले की त्या वाचनात काय बदलते, असे प्रश्न तिथे आहेत. शॉन बेंडर यांचे 2012 मधले ‘ताइको बूम’ जपानमधल्या मेळ्यांचा समाजशास्त्रीय पट मांडते, तर डेबरा वाँग यांचे 2019 मधले ‘लाउडर अँड फास्टर’ दक्षिण कॅलिफोर्नियातल्या शिष्यत्वाचा अनुभव विचारात घेते. तिघांनीही टिपरी हातात घेतली आहेत. तरीही एक जागा रिकामी आहे. एखादा प्रयोग दर प्रवेशाला कसा उभा राहिला, तालमीत काय गाळले, कोणता विराम कोणी आणि का मान्य केला, याची नोंद अभ्यासात फारच थोडी सापडते. नाटकाच्या समीक्षेत दिग्दर्शकाची प्रत, तालमीची टिपणे यांना जे स्थान आहे ते ताइकोच्या समीक्षेत अजून मिळालेले नाही.

उत्तर अमेरिकेच्या गटांत बहुसंख्य स्त्रिया असूनही मोठ्या ढोलाचे एकल वादन आणि नावाजलेले दौरे दीर्घकाळ पुरुषांकडेच राहिले. थिएटर मूच्या परंपरेत घडलेल्या जेनिफर वीअर यांनी फेब्रुवारी 2020 मध्ये सेंट पॉल येथे जगभरच्या स्त्री वादकांचा ‘हरबीट’ हा प्रयोग केला. त्यात कोदोच्या चिएको कोजिमा, तोक्योतील गोकू मेळ्याच्या काओली असानो आणि कॅलिफोर्नियाच्या टिफनी तामारिबुची यांसारख्या वेगवेगळ्या घराण्यांच्या वादक एकत्र आल्या. त्यावरचा ‘फाइंडिंग हर बीट’ हा माहितीपट 2022 मध्ये आला. सुकेरोकूचा तिरपा ढोल, कोदोची खाली बसण्याची ढब आणि गोकूची तोक्योतली मोकळी, नाचरी शैली एका संध्याकाळीत बसवताना कोणाची काता कोणी सोडायची, हा प्रश्न तालमीत पुन्हा पुन्हा येतो. तालमीच्या नोंदीची जी उणीव पुस्तकांत आहे, तिचा काही भाग या माहितीपटाने भरून काढला आहे.